तळेकरकाकांचे एसीतले ओक

मे महिन्यात डोंबिवलीत ज्यांच्या घरी एसी आहे ती माणसं एसीत झोपतात आणि त्यांची झाडं बाल्कनीत वाळतात. आमच्या समोरच्या तळेकरांकडे सगळं उलटं आहे. त्यांच्या बेडरूममध्ये एसी चालू, दाराच्या फटीला खालून टॉवेल लावलेला आणि आत चार झाडं गारव्यात उभी. तळेकरकाका स्वतः बाहेर हॉलमध्ये लादीवर, पंख्याखाली, ओला पंचा छातीवर टाकून आडवे. काकी सोफ्यावर, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घेत बसलेल्या.

"काका, निदान दुपारपुरतं तरी आत जाऊन झोपा," मी एकदा म्हटलं. मी त्यांना देव्हाऱ्यात जाऊन झोपायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माणसाच्या श्वासाने आतला दमटपणा बदलतो गं मेघना," ते म्हणाले आणि पंचा पुन्हा बादलीत बुचकळायला गेले.

ही चार झाडं म्हणजे ओक. डोंबिवलीत ओक म्हटलं की माणसं डोळ्यांसमोर येतात, झाडं नाहीत. सुरुवातीला काका जिन्यात भेटले की सांगायचे, "थोरल्या ओकाची पानं पिवळी पडताहेत," किंवा "आज धाकट्या ओकाला जरा जास्त पाणी झालं," तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या ओकवहिनी दचकून दाराआड व्हायच्या. शेवटी मी सेक्रेटरी या नात्याने खुलासा केला. (सोसायटीचं सेक्रेटरीपद मला कुणी आनंदाने दिलेलं नाही. मीटिंगमधून मी पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत माझी एकमताने निवड झाली होती.)

तळेकरकाकांचं सगळं आयुष्य ठाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेलं. काँप्रेसरच्या आवाजावरून ते त्याची तब्येत सांगायचे. त्या कोल्ड स्टोरेजला हिमाचलची सफरचंदं यायची, त्यातल्या एका बागवाल्याशी काकांची मैत्री झाली. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी काकांनी त्याच्याकडून ओकची फळं मागवली. सुपारीएवढी, डोक्यावर टोपी घातलेली ती फळं ओल्या फडक्यात गुंडाळून आली, आणि तिथून या प्रकरणाला तोंड फुटलं.

"पण काका, ओकच का? आंबा लावा, पेरू लावा."

"ओक महत्त्वाचा नाही. ओकच्या मुळाला जे लागतं ते महत्त्वाचं. ट्रफल!"

मी म्हटलं, ट्रफल तर केकमध्ये असतं. काकांनी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न त्यांना आख्ख्या बिल्डिंगने विचारून झाला होता. मग त्यांनी मला समजावलं, की ट्रफल ही जमिनीखालची बुरशी. ती ओकच्या मुळांना धरून वाढते आणि काही वर्षांनी मातीतच तिचे गड्डे धरतात, काळे, खडबडीत, जळक्या बटाट्यासारखे. परदेशात लोक ते चिमूटभर किसून जेवणावर घालतात, का तर त्याचा वास. सगळी करामत वासाची.

"झाड बुरशीला साखर देतं, बुरशी झाडाला पाणी शोधून देते. एकमेकांवाचून चालत नाही दोघांचं. संसारच तो," काका म्हणाले.

"पण मला तर नुसतं काडीसारखं रोप दिसतंय."

"वर बघू नये. खाली चाललंय."

हे त्यांचं पालुपद. रोप वितीएवढं राहिलं, तरी वर बघू नये, खाली चाललंय. पानं गळली, तरी तेच. पुढे पुढे ते कुणालाही आणि कशालाही लावायला लागले. माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, प्रमोशन रखडलं तेव्हा काकांनी जिन्यात त्याच्या पाठीवर थाप मारून हेच सांगितलं. नितीनला त्याचा अर्थ कळला नाही, पण त्या आठवड्यात तेवढं एकच बरं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं.

मुळाला बुरशी लावायची म्हणजे काय करायचं, हे मी दुर्दैवाने जवळून पाहिलं, कारण त्यात माझा मिक्सर होता. काकांनी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याशी संधान बांधून खऱ्या ट्रफलचा सुपारीएवढा तुकडा मिळवला. त्यांचा मिक्सर नेमका बिघडलेला. मी सरळ मनाने माझा दिला. काकांनी तो तुकडा पाण्यात वाटला आणि अंकुर फुटलेल्या रोपांची मुळं त्या पाण्यात बुडवली. माझा मिक्सर चार वेळा धुऊन परत आला. तरीही पुढे महिनाभर आमच्या चटणीला असा काही वास यायचा, की सासूबाई जेवताना पायाखाली बघायच्या.

मातीचंही सोवळं होतं. दुसरी कुठली बुरशी आत शिरता कामा नये म्हणून माती कुकरमध्ये शिजवायची. काकी आपल्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "आधी तुमच्या मातीच्या शिट्ट्या होऊ देत, मग मी डाळ लावते!" त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर, पाय धुवायचे, हात धुवायचे, आणि कुंडीला बोट लावायचं नाही. संध्याकाळी खिडकीतून रोपांसाठी लावलेल्या दिव्यांचा जांभळा उजेड रस्त्यावर पडायचा. तळेकरांनी ब्यूटी पार्लर काढलं अशी अफवा उठून दोन बायका चौकशीला येऊन गेल्या.

ट्रफलला चुनखडीची माती लागते. काकांनी त्यावर तोडगा काढला तो तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा. रविवारी दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपली की काका बादली घेऊन जिन्यात उभे. ज्यांच्याकडे तिसऱ्यांचं कालवण झालं असेल त्यांनी शिंपल्या बादलीत टाकायच्या. त्या धुऊन, वाळवून, खलबत्त्यात कुटून मातीत जायच्या. एका रविवारी चौथ्या मजल्यावरून वर्तमानपत्राची घट्ट बांधलेली पुडी गुपचूप बादलीत पडली. पुडी कुणाची, ते काकांनी आजतागायत सांगितलेलं नाही. चौथ्या मजल्यावर कांदासुद्धा न खाणारं घर एकच असल्यामुळे सांगायची गरजही पडली नाही.

आता काकांच्या नाकाबद्दल. हा त्यांचा दुर्गुण म्हणून आमच्याकडे प्रसिद्ध होता. माणूस सारखा वास घेत असायचा. "मेघना, तुझं दूध लागतंय खाली," म्हणून बेल वाजवायची. काकी फोडणी टाकत असल्या की हे मागे उभे. काकींनी डब्याचं झाकण उघडलं की यांचं नाक आत. काकींना सोडून ते भाजी आणण्यापुरतेसुद्धा रेंगाळत नसत. सोसायटीची सहल निघाली तेव्हा काकी म्हणाल्या, "तुम्ही जा हो, मी आहे घरी." काका गेले नाहीत. बायका हसायच्या, या वयात पदर सुटत नाही म्हणून. मीही हसायचे.

खरं तर नाक होतं ते काकींचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत काकी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं नाक. एप्रिलमध्ये सगळ्यांचा मालवणी मसाला त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा. त्या हॉलमध्ये पेपर वाचत बसायच्या आणि आत मसाला भाजणाऱ्या बाईला तिथूनच सांगायच्या, "धणे काढ. आता काढ. गेले बघ!" जिना चढताना कुणाकडे काय शिजतंय आणि त्यात काय कमी पडलंय, हे सांगायच्या. मग करोनाच्या साथीत दोघं आजारी पडली, बरी झाली, आणि पुढच्या एप्रिलला काकी म्हणाल्या, "आता वय झालं गं, नाही होत मसाल्याचं." आम्ही मसाला दुकानातून आणायला लागलो आणि मुकाट्याने खाऊ लागलो.

गड्डे जमिनीखाली असतात म्हटल्यावर ते शोधायला कुत्रा हवा, हे ओघाने आलंच. झाडांना गड्डे धरायला अजून आठ-दहा वर्षं होती, पण काकांना तयारी आधीपासून लागते. गेटवर एक तांबूस, एक कान मोडका कुत्रा असायचा. त्याचं नाव पांडू ठेवून काकांनी त्याला घरात घेतलं. ट्रफलच्या वासाच्या तेलाचे दोन थेंब चिंधीवर टाकून ती लपवायची, आणि पांडूने शोधून काढली की समोर बसून पंजा ठेवायचा, असं शिक्षण. पांडूने आठवडाभरात सोसायटीच्या बागेतली सगळी शेवंती उपटून काढली. तक्रारी माझ्याकडे आल्या.

पण पांडू शिकला, आणि त्याचा पहिला बळी आमच्या घरात पडला. संकष्टीचा दिवस होता. नितीन घोडबंदर रोडच्या ऑफिसमधून ट्रॅफिकमध्ये अडकून दमून-भागून आला. "दिवसभर नुसत्या साबुदाण्यावर आहे," असं तो जिन्यातूनच मला सांगत होता. तेवढ्यात पांडू आला. त्याने नितीनच्या शर्टाची बाही हुंगली, शिस्तीत समोर बसला आणि त्याच्या बुटावर पंजा ठेवला.

"सापडलं!" काका दारातून ओरडले. "नितीन, अरे ट्रफल कुठे खाल्लंस?"

नितीन पांढरा पडला. मग कळलं, ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत फ्रेंच फ्राईज होत्या, त्यावर हे तेल शिंपडलेलं होतं. "पण बटाटाच होता!" नितीन म्हणाला. "बटाटा उपासाला चालतो!"

"आणि बुरशी चालते?" मी विचारलं. काका मध्ये पडले नाहीत. ते पांडूला बिस्किट देत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुलगा बोर्डात आल्याचा आनंद होता.

हे सगळं असं मजेत चाललं होतं. मग गेल्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या भागातली लाईट गेली. ट्रान्सफॉर्मर जळला होता, संध्याकाळशिवाय येत नाही असं कळलं. तासाभरात काका दारात. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"मेघना, खोली तापली तर मुळं शिजतील गं. सगळं जाईल."

माणूस तक्रारींपुरता नकोसा असतो, संकटात तो आपला होतो. नितीन रिक्षाने जाऊन बर्फाच्या लाद्या घेऊन आला. चौथ्या मजल्यावरचे शाकाहारी काका गोणपाटं भिजवून खिडकीवर टांगत होते. ओकवहिनींनी आपला बाथटब दिला, तो बाळाचा का असेना. जिचं त्या खोलीत पाऊल पडायचं नाही ती सगळी बिल्डिंग हात-पाय धुऊन आत शिरली होती. मी पुठ्ठ्याने थोरल्या ओकाला वारा घालत होते, आणि मला मुळीच हसू येत नव्हतं. काका एकेक कुंडी उचलून बर्फाजवळ नेऊन ठेवत होते. काकी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या.

धाकटा ओक काकांच्या हातात होता. बोलता बोलता ते थबकले. त्यांनी मान वर केली. आणि दुसऱ्या क्षणी ती कुंडी त्यांनी सोडून दिली. ठेवली नाही, सोडून दिली. माती, शिंपल्या, ओक, सगळं लादीवर पसरलं, आणि काका त्यावरून स्वयंपाकघराकडे धावत गेले. मी मागे धावले.

दारातच मला गॅसचा भपकारा आला. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. काकी ओट्याशी शांतपणे उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात लायटर होता.

काकांनी तो हात धरला. लायटर काढून घेतला, गॅस बंद केला, खिडकी उघडली. काकी म्हणाल्या, "मला वाटलं, आत्ताच विझली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पदराने ओटा पुसायला लागल्या. तो ओटा त्या बराच वेळ पुसत होत्या. दारापर्यंत मला आलेला वास शेगडीसमोर उभ्या असलेल्या बाईला आला नव्हता.

संध्याकाळी लाईट आली. सगळे गेल्यावर काका लादीवर बसून फुटलेली कुंडी गोळा करत होते. मी मदतीला बसले. काकी खाली ओकवहिनींकडे गेल्या होत्या. काकांनी उघड्या पडलेल्या मुळांवर भिंग धरलं आणि मलाही बघायला दिलं. मुळांची टोकं मोहरीसारखी फुगून तपकिरी झाली होती. मला त्यात विशेष काही कळलं नाही.

"लागली," ते म्हणाले. "बुरशी लागली मुळाला." ज्या क्षणाची ते इतकी वर्षं वाट बघत होते तो आला होता, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"काका, काकींना वास येत नाही ना?"

"करोनापासून. मला आला परत, तिला नाही." ते माती चाळत राहिले. "कुणाला कळू द्यायचं नाही असं तिने बजावलंय. तुम्ही तिला बिल्डिंगचं नाक म्हणायचात ना. डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ उग्र वास देत राहा, कदाचित येईल. लवंग झाली, हिंग झाला, सुके बोंबीलसुद्धा झाले. रोज विचारतो, काय येतंय? म्हणते, काही नाही. मग मी म्हणतो, वर बघू नये, खाली चाललंय."

मी लादीवरच्या शिंपल्या वेचून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"मग फोनवर हे ट्रफलचं बघितलं. मातीच्या आतून वर येतो म्हणे याचा वास. जो मातीतून वर येतो तो हिच्या नाकात शिरणार नाही? पण विकतचा शिळा असतो. तो हुंगवला तिला, काही नाही. ताजा हवा, काढल्या काढल्या."

"काका, पण आठ-दहा वर्षं..."

"मग? आम्हांला कुठे जायचंय?" ते म्हणाले आणि ओक नव्या कुंडीत धरून माझ्याकडे माती मागितली. कुंडीला बोट लावायची परवानगी मला त्या दिवशी मिळाली.

घरी येऊन मी आधी रडले. फोडणीच्या वेळी मागे उभं राहणारं, डब्यात खुपसलेलं ते नाक कुणासाठी होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून काका भाजीला निघाले की मी काहीतरी निमित्त काढून काकींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. काकींना ते कळलं असणार. त्या मला लसूण सोलायला द्यायच्या.

पुढचे काही दिवस काका त्या धाकट्या ओकाच्या सेवेत गुंतले आणि रविवारच्या शिंपल्या न धुता गॅलरीत एका गोणीत तशाच पडून राहिल्या. मे महिन्यातलं ऊन. त्या गोणीचं काय झालं असेल ते सांगायला नको. तळमजल्यापासून तक्रारी सुरू झाल्या. मी सांगायला त्यांच्या दाराशी गेले, आणि त्याच सुमारास पांडूने गोणी फाडली. नुसती फाडली नाही, तो त्यात मनसोक्त लोळला आणि शेपटी हलवत हॉलमध्ये येऊन काकींच्या पायाशी बसला.

मी नाक दाबलं. काका गोणीकडे धावले. आणि काकी भाजी निवडता निवडता कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अवो, ह्या कुत्र्याक आंघूळ घाला आदी! काय घाण वास मारता!"

काका गॅलरीच्या दारात जागच्या जागी थांबले. आमच्यासमोर ती दोघं कधी मालवणीत बोलत नाहीत. काका हळूहळू वळले.

"कसलो गो?" त्यांनी विचारलं. "कसलो वास?"

"कसलो म्हणजे? कुजक्या तिसऱ्यांचो!" काकी म्हणाल्या, आणि हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग पांडूकडे पाहिलं, मग काकांकडे.

"परत सांग," काका म्हणाले.

"तिसऱ्यांचो," काकी म्हणाल्या. काका लादीवर पांडूशेजारी बसले आणि त्यांनी ओला पंचा तोंडावर धरला. मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला ताबडतोब आंघोळ घालावी, सेक्रेटरींनी लक्ष घालावं. मी लक्ष घालायला गेले. दार उघडंच होतं. बेडरूममध्ये एसी चालू होता, ओक गारव्यात होते. बाहेर सोफ्यावर काकी नाकाला पदर लावून तांदूळ निवडत बसल्या होत्या, डोळ्यांत हसू मावत नव्हतं, आणि त्यांच्या पायाशी पांडू होता तसाच, तितकाच घाणेरडा, पंख्याचा वारा खात पडलेला. काका स्वयंपाकघरात एकटेच चहा करत होते.

मी दारातूनच घरी परतले आणि ग्रुपवर लिहिलं, की पांडूची तब्येत जरा नाजूक आहे, अजून आठवडाभर त्याला पाणी लावायचं नाही.